आठ महिन्यांचं बेट

नगर जिल्ह्यात कुणाच्या मालकीचं बेट असेल, हे मला शिर्डीच्या त्या लॉजवर नोकरीला लागेपर्यंत ठाऊक नव्हतं. लागल्यावर चौथ्याच दिवशी आमचे मॅनेजर, म्हणजे मामा, बशीत चहा ओतता ओतता म्हणाले, "माझं एक बेट हाय." मी म्हटलं, "हो का." शिर्डीत रिसेप्शनला बसलं की दिवसभर काय काय ऐकावं लागतं. कुणी आमदाराचा साडू असतो, कुणाचा मेहुणा दिल्लीत मोठ्या जागेवर असतो, आणि सगळ्यांना खोली मात्र पंख्याचीच हवी असते. त्यात आणखी एक बेटाचे मालक, एवढंच मला वाटलं.

मामा हे त्यांचं लॉजवरचं नाव. खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि ते तिथंच राहिलं. ते स्वतः तर कुणालाच नावानं हाक मारत नसत. माणसाचं गाव विचारायचं आणि तेच त्याला चिकटवून टाकायचं, ही त्यांची पद्धत. मी बेलापूरची, म्हणून मी 'बेलापूर'. खोल्या झाडणाऱ्या मावशी 'मिरजगाव'. गिऱ्हाइकांचीही सुटका नव्हती. "ओ सोलापूर, पिशवी ऱ्हायली!" असं ते जिन्यावरून ओरडायचे, आणि एकदा तीन सोलापूर एकदम वळून पाहू लागले होते. मी त्यांना म्हटलं, "मामा, माणसाला नाव असतं." ते म्हणाले, "नाव काय, आईबापाला सुचंल ते ठेवत्यात. गाव खरं."

त्यांच्या गळ्यात एक शिट्टी असायची. आमच्याकडे गरम पाणी पहाटे चार ते सात. सातला पाच मिनिटं कमी असताना मामा प्रत्येक मजल्यावर जाऊन शिट्टी फुंकायचे. मग साबण लावलेली माणसं दारं किलकिली करून "अजून दोन मिनिटं, मॅनेजर!" म्हणून गयावया करायची आणि मामा घड्याळाकडे बघत उभे राहायचे. रेल्वेच्या गार्डानं यांच्याकडून शिकावं, असा तो थाट होता.

दुसरी गंमत तक्रार-वहीची. ती वही काउंटरवर दोरीनं बांधलेली असायची, पण तिच्यात गिऱ्हाइकांच्या तक्रारी नसत. मामाच गिऱ्हाइकांविरुद्ध तक्रारी लिहायचे. 'खोली २०४. सकाळपासून चार वेळा फोन करून विचारले, इथून देऊळ किती लांब. खिडकीतून कळस दिसतो. खिडकी उघडली नाही.' किंवा, 'खोली ११२. जाताना उशीशी भांडले.' मालकांना हे कळलं तेव्हा ते संतापले, मग वही वाचायला घरी घेऊन गेले आणि आठवडाभर परत आणली नाही.

हॉटेलच्या धंद्याबद्दल मामांची स्वतःची मतं होती आणि ती ते दुपारच्या वेळी, गर्दी ओसरली की, मला ऐकवायचे.

"बेलापूर, हितं हाटेल कोन बघतंय? हितं लोक देवाला येत्यात. आपन नुसती न्हानी चालवतो. खोली म्हंजी न्हानीला चिकटलेली जागा. आलं, आंघोळ केली, दर्शनाला पळालं, चार तास पडलं, गेलं. याला कोन हाटेल म्हनंल?"

"मग कशाला म्हणायचं?"

"जिथनं गिऱ्हाईकाला कुठं जाताच येत न्हाई, ते हाटेल. तू बघ, म्होरं म्होरं लोक पैसं देऊन गैरसोय इकत घ्यायला लागत्याल. फोनला रेंज न्हाई म्हनून जादा देत्याल. टीव्ही न्हाई म्हनून जादा देत्याल. माझ्या बेटावं ह्यातलं कायबी न्हाई. समदी तयारी हाय."

मी हसायचे. आज आमच्याच लॉजवर येणारी पुण्याची मंडळी 'जरा शांत, रेंज नसलेली जागा सुचवा' म्हणतात, तेव्हा मला त्यांची ती दुपारची भाषणं आठवतात आणि आपण उगाच हसलो असं वाटतं.

मामा नोकरी सोडून गेले आणि त्यांची खुर्ची मला मिळाली. त्या दिवाळीत त्यांनी बोलावलं म्हणून मी बेट पाहायला गेले. राहुरीहून जीपनं तासभर, मग मुळा धरणाच्या फुगवट्याचा काठ, मग एका भोयाची होडी. आणि खरंच बेट होतं! दीडेक एकराचा माळ, चारही अंगांना पाणी, एक मोठा लिंब आणि पत्र्याच्या दोन खोल्या. खोल्यांना पांढरा चुना आणि दारांवर मामांच्या अक्षरात पाट्या. एकीवर 'शाळा व्ह्यू', दुसरीवर 'मारुती व्ह्यू'. मी शाळा व्ह्यूची खिडकी उघडली. समोर नुसतं पाणी.

"शाळा कुठंय?"

"खाली," मामा म्हणाले. "बराबर त्या बगळ्याखाली. त्याच्या डाव्या हाताला पार, त्याच्या म्होरं मारुती, अन् तिकडं आमचं घर."

तेव्हा मला सगळं समजलं. धरण झालं तेव्हा मामांचं गाव पाण्याखाली गेलं. मामा त्या वेळी चौथीत होते. गावाची जमीन सरकारनं घेतली, पण गावाशेजारचा हा माळ पाण्याच्या रेषेच्या वर राहिला, म्हणून तो सातबाऱ्यावर त्यांच्याच वडिलांच्या नावानं राहिला आणि पुढं मामांच्या. गावातली घरं कुठं कुठं पांगली, कुणी राहुरीला, कुणी नगरला, कुणी कारखान्यावर. सगळ्या गावातलं कोरडं म्हणून उरलं ते एवढंच.

पण ते बेट बारमाही नव्हतं. फेब्रुवारी-मार्चपासून पाणी उतरू लागायचं आणि एप्रिल संपताना बेट काठाला जोडलं जायचं. उघड्या पडलेल्या गाळात जवळचे शेतकरी काकड्या, कलिंगडं लावायचे. तिकडं त्याला गाळपेर म्हणतात. आणि गाव वर यायचं. घरांची जोती, पार, विहिरीचं कडं, शाळेच्या तीन पायऱ्या. मग आखितीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, पांगलेली माणसं यायची. आपापल्या घराच्या जोत्यावर पितरांसाठी पाण्यानं भरलेला मातीचा करा ठेवायची, लिंबाखाली स्वयंपाक करायची, मामांच्या खोल्यांमध्ये आणि अंगणात मुक्काम करायची. मामा त्यांच्याकडून काही घेत नसत. "जगातल्या हाटेलांचा शिझन पानी आटलं की संपतो," ते म्हणायचे, "माझा तवा चालू हुतो."

हे असं बरं चाललं होतं. तेवढ्यात कंपनी आली.

मामांच्या मुलाचं नगरला टायरचं दुकान. पोरगा वाईट नाही, पण सतत कुठंतरी पोचायची घाई असलेला. त्याला पुण्याची कुठली तरी कंपनी भेटली. तिला बेट तीस वर्षांसाठी हवं होतं. काचेचे तंबू टाकणार, भोवती कुंपण घालणार, पोहायचा तलाव बांधणार.

"भवतीनं येवढं पानी असताना मधी आनखी पानी कशाला?" मामांनी कंपनीच्या माणसाला विचारलं म्हणे.

"ते निळं असतं," त्यानं सांगितलं.

कंपनीची अट एकच होती. सरकारची बेटांवरच्या पर्यटनासाठी काही योजना होती, तिच्यात ही जागा 'बेट' म्हणून नोंदली गेली पाहिजे, म्हणजे सवलती मिळतील. नोंद झाली की करार. कुंपण पडल्यावर आखितीला येणाऱ्या माणसांनी करा कुठं ठेवायचा, हे कुणी विचारलं नाही. मला वाटलं, मामा त्या माणसाला होडीतून ढकलून देतील. पण मामा काय म्हणाले? "करू की! आत्ता अर्ज करू."

मला फार राग आला. म्हातारपणी माणूस असा बदलतो, असं मी घरी येऊन आईला सांगितलंही. अर्ज टाइप करायला मामा माझ्याकडेच आले, लॉजच्या कॉम्प्युटरवर. मी तोंड फुगवून टाइप केला. ते शेजारी बसून चहा पीत होते आणि मजेत दिसत होते. त्या काळात बाप-लेकांचं बोलणं कंपनीपुरतंच उरलेलं. मुलाचा फोन यायचा, "अर्जाचं काय झालं?" मामा म्हणायचे, "चालूय." फोन बंद. जेवलात का, बरं आहे का, काही नाही.

पाहणीला साहेब येणार असं पत्र आलं ते नोव्हेंबरचं. पाणी काठोकाठ. मामा लगबगीनं माझ्याकडे आले आणि म्हणाले, "लिव. होडी दुरुस्तीला दिली हाय, तारीख फुडं ढकला." मी लिहिलं. पुढची तारीख जानेवारीची आली. "लिव. मालकाला थंडीताप." मामा ठणठणीत होते, माझ्यासमोर दोन वडापाव खात होते. मार्चमध्ये गुडघा दुखायला लागला, तोही कागदावरच. मुलाला मात्र ते सांगायचे, "सायबालाच सवड न्हाई." मी म्हटलं, "मामा, अशानं साहेब येईल तेव्हा पाणी नसेल." ते म्हणाले, "व्हय की गं! ध्यानातच आलं न्हाई." मला वाटलं, मन तयार होत नसेल, म्हणून टाळाटाळ चाललीय. मला त्यांची दयाही आली.

शेवटी मे उजाडला. आखितीच्या दोन दिवस आधीची तारीख पडली. मामांचा फोन आला, "बेलापूर, रजा टाक अन् ये. रिसेप्शनला माणूस लागतंय."

मी पोचले तेव्हा काठापासून बेटापर्यंत हिरव्या काकड्यांचे वेल पसरलेले, मधून ट्रॅक्टरची चाकोरी, आणि पाणी लांब कुठंतरी चमकत होतं. काठावर एक ट्रॅक्टर उभा. त्याच्या ट्रॉलीत भोयाची होडी दोरखंडानं आवळून बसवलेली. आणि मामा धुतलेलं धोतर, टोपी घालून, नारिंगी लाइफ जॅकेट चढवून होडीत बसलेले. हातात वल्हं.

मी जवळ गेले तशी मामांनी आणखी दोन जॅकेटं माझ्या हातात दिली.

साहेब जीपमधून उतरले. तरुण होते, घामाघूम झालेले, पण बोलायला सभ्य. त्यांनी डोळ्यांवर हात धरून दूरवर पाहिलं.

"पाणी कुठं आहे?"

"रजेवर हाय, सायेब," मामा होडीतूनच म्हणाले. "आगुस्टात हजर हुतं."

"बरं. मग आपण चालत जाऊ."

"चालत? बेटावं कुनी चालत जातंय व्हय? तुमच्याच कागदात लिवलंय, ने-आन होडीतनं, अंगात जाकिट घालून. आमी नियमाच्या भाईर जात न्हाई. बेलापूर, सायबास्नी जाकिट दे."

मी जॅकेट पुढं केलं. मला जमीन पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. माझा चेहरा काय झाला असेल, तो त्यांनाच माहीत. पण माणूस नवीन होता, नियमाचं नाव ऐकून गप्प चढला. मीही चढले. ट्रॅक्टर सुरू झाला.

चाकोरीतून ट्रॉली अशी उसळत होती की खऱ्या लाटा परवडल्या असत्या. वेलांत काम करणाऱ्या बाया कंबर सरळ करून बघत राहिल्या. एक म्हातारी ओरडली, "मामा, वल्हं मारा की! नाव बुडंल!" आणि मामांनी खरोखर वल्हं मारलं. वल्ह्याला वेल अडकून एक काकडी वर आली. मामांनी ती धोतराला पुसून साहेबांपुढं धरली, "घ्या सायेब. पान्यातली हाय." ट्रॅक्टरवाला हसून हसून स्टिअरिंगवर वाकला होता. साहेबांचे कान लाल झाले होते. येताना रागीट नव्हते ते, पण निम्म्या वाटेत झाले.

बेटावर उतरल्यावर साहेबांनी तडक फाइल काढली. पहिलाच रकाना होता: जागेच्या चारही बाजूंना पाणी आहे काय?

"आठ म्हैने असतंय, सायेब," मामा हात जोडून म्हणाले. "तुमच्या आफिसात तरी समदे बारा म्हैने असत्यात का?"

साहेबांनी पेन इतकं दाबलं की कागद फाटायचा राहिला. 'सदर जागा बेट नाही. सबब अपात्र.' खाली दोन रेघा.

"सायेब, 'सध्या न्हाई' असं तरी लिवा की. सध्या."

"सध्या वगैरे काही नाही! नाही म्हणजे नाही!"

"म्हंजी कायमचंच न्हाई?"

"कायमचंच!"

"मग तसं लिवा, सायेब. नुसत्या बोलन्यावं आमाला इस्वास न्हाई."

साहेबांनी तसं लिहिलं. सही केली, शिक्का मारला, मामांना त्याची प्रत दिली आणि जॅकेट लिंबाच्या फांदीला अडकवून, काकड्यांतून ताडताड चालत काठाकडे गेले.

मी पायरीवर बसून रडायच्या बेतात होते. कंपनी गेली तर जाऊ दे, पण मामांची अब्रू गेली, असं वाटलं. म्हाताऱ्यानं साहेबाला फसवायला बघितलं आणि सगळीकडं हसं करून घेतलं.

दुपारी मुलगा आला, मोटरसायकल थेट बेटावर चढवून. त्यानं कागद वाचला. कंपनीला फोन लावला, चार वाक्यं बोलला, ऐकलं, आणि फोन खिशात टाकला. कंपनीला कागदोपत्री बेट नसलेलं बेट नको होतं. मला वाटलं, आता हा बापावर ओरडणार. पण तो मामांच्या शेजारी जाजमावर बसला.

"आबा, मनाला लावून घेऊ नका. ह्या सरकारला अक्कलच न्हाई. आठ म्हैने पानी दिसत न्हाई का ह्यांना? मुद्दाम मेमधी येत्यात, च्यायला."

"जाऊ दे," मामा खाली मान घालून म्हणाले.

"जाऊ दे कसं? तुमी ह्या उन्हात होडीत बसून आला, वल्हं मारलं म्हनं! बरं हाय का तुमाला? जेवलात का?"

मग बाप-लेक त्या जाजमावर बसून तासभर सरकारला शिव्या देत होते. मामा मधूनच एखादी नवी शिवी पुरवायचे, मुलगा ती उचलून पुढं न्यायचा. कितीतरी महिन्यांनी ते असे जवळ बसले होते. मुलगा कलिंगड आणायला वेलांत उतरला, आणि मी मामांच्या तोंडाकडं पाहिलं. ते हसत होते.

नोव्हेंबर, जानेवारी, मार्च. होडी, थंडीताप, गुडघा. ती सगळी पत्रं मीच टाइप केली होती, आणि मला काडीचाही संशय आला नव्हता!

"मामा," मी म्हटलं, "तुम्हाला हेच लिहून हवं होतं."

"हळू बोल."

"मग पोराला सरळ नाही म्हणायचं! जमीन तुमची, सही तुमची!"

"बापानं न्हाई म्हनलं की घरात भांडन," मामा म्हणाले. "सरकारनं न्हाई म्हनलं की समदं घर एका जाजमावं बसून सरकारला शिव्या देतं. तूच बघितलं न्हवं आत्ता?"

"आणि मला का नाही सांगितलं?"

"तुला सांगितलं असतं तर तू हसली असतीस. तुझं ते रडकं त्वांड बघूनच सायबाला पटलं, की हे म्हातारं खरंच फशिवतंय. समदं काम तुझ्या त्वांडानं केलं, बेलापूर."

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. आखितीच्या सकाळी मात्र थांबले. पन्नासेक माणसं आली होती. एक आजी आपल्या घराचं जोतं शोधत होत्या, तीन जोती चुकल्या, चौथ्यावर बसल्या आणि "इथं माझी चूल हुती" म्हणाल्या. मामांचा मुलगा हंडे भरभरून लोकांच्या कऱ्यांसाठी पाणी आणत होता. माझा राग तिथं टिकला नाही. खरं सांगायचं तर मला मामांचा अभिमान वाटला, आणि तो मी त्यांना कधी बोलून दाखवला नाही, याचं आता वाईट वाटतं.

कारण गेल्या पौषात मामा गेले. झोपेतच गेले. पाणी भरपूर होतं, भोयांनी होड्या जोडून माणसं आणली.

परवा त्यांचा मुलगा लॉजवर आला. मी चहा मागवला.

"ताई, एक काम हुतं. आबांची एक इच्छा ऱ्हाऊन गेली. बेटाची नोंद. त्या दिवशी ते म्हातारपनी किती धडपडले, तुमी डोळ्यांनी बघितलंय. माझ्या मनातनं जात न्हाई ते." चहा आला, तो त्यानं बाजूला सारला. "नवीन सायेब आलाय म्हनं. फेरपाहनी मागता येती. कंपनीवालेबी फोन करत्यात, कागद झाला तर बघू म्हनत्यात. मला कंपनीचं काय न्हाई. आबांसाठी करायचंय."

मी कॉम्प्युटर उघडला. सांगून टाकावं, असं जिभेवर आलं होतं. पण त्या पोराच्या मनात त्या दिवसाचा जो बाप होता, होडीत बसून लेकासाठी उन्हात वल्हं मारणारा, तो काढून घेणारी मी कोण? आणि तो बाप खोटाही नव्हता. मी अर्ज टाइप केला. नीट, एकही चूक न करता. शेवटी पाहणीसाठी सोयीचा महिना विचारला होता. मी लिहिलं, मे.

तो माझ्या खांद्यावरून वाचत होता. "मे? मेमधी तर पानी नसतं, ताई."

"माहितेय," मी म्हटलं. "पण साहेबांना तेव्हाच सवड असते."

मग त्यानं सरकारला एक ठेवणीतली शिवी दिली. मीही एक दिली, आणि प्रिंट काढली.